दूर उभी राहिलेली माणसे

खडकवासल्याच्या धरणाजवळ राहणाऱ्या माणसाला रविवार केव्हा आला, हे दिनदर्शिकेत पाहावे लागत नाही. मृगाच्या सरी सुरू झाल्या, की सिंहगडाच्या वाटेला लागलेल्या दुचाक्यांचा आवाज भल्या पहाटे उशाशी येतो. आम्ही पहिल्या मिस्सासाठी शहराकडे निघतो ते या प्रवाहाच्या उलट दिशेने. दुपारी परततो तेव्हा चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. कढईतल्या कांदाभजीचा वास, निखाऱ्यावर तडतडणारी कणसे, ओलीचिंब झालेली मुले आणि त्यांच्यामागे टॉवेल घेऊन धावणाऱ्या आया, असे ते दृश्य असते. वाहतूक तास तास अडते आणि आम्ही स्थानिक मंडळी कुरकुर करतो. पण खरे सांगायचे तर मला ती गर्दी आवडते. आठवडाभर चार भिंतींत राबलेल्या माणसांनी एकत्र येऊन पाणी पाहावे, यात न आवडण्यासारखे काय आहे?

तरीही गेली काही वर्षे ती गर्दी पाहताना माझ्या मनात नकळत एक हिशेब सुरू होतो. कोण कोणाच्या किती जवळ उभा आहे, कोण खोकतो आहे, वारा कोणत्या बाजूने वाहतो आहे. हा हिशेब मला लागला तो ७ फेब्रुवारी २०२१ या रविवारपासून. त्या दिवसाविषयी मी आजवर कोठे लिहिले नाही. आज लिहितो आहे, ते एका धर्मगुरूंनी सांगितले म्हणून. ते कसे, ते ओघात येईलच.

महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आमच्या पुण्यातच सापडले. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला. तो १८९७ सालचा, प्लेगच्या दिवसांतला जुना कायदा. पुढे टाळेबंदी आली आणि आमच्या घरापुढचा रस्ता असा काही निःशब्द झाला, की रात्री धरणाकडून येणारा वारा खिडकीच्या गजांतून वाहताना ऐकू येई. चर्चचे दरवाजे बंद झाले. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला आणि गेला. आईने परसातल्या नारळाची एक पाती तोडून क्रूसावर खोचली. तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मिस्साबलिदान मोबाइलच्या पडद्यावर पाहायचे, ही कल्पना तिला शेवटपर्यंत पटली नाही. पण मिस्सा सुरू होताच ती डोक्यावर पदर घेई आणि गुडघे दुखत असतानाही पडद्यापुढे उभी राही.

त्याच्या नऊ दिवस आधी, २७ मार्चच्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या चौकात एकट्याने केलेली प्रार्थना आम्ही पाहिली होती. पाऊस पडत होता आणि तो अफाट चौक रिकामा होता. बाजूला एक जुना लाकडी क्रूस उभा होता. पुढे वाचनात आले, की हा संत मार्सेलो चर्चमधील क्रूस. १५२२ सालच्या प्लेगात रोमच्या लोकांनी तो सोळा दिवस रस्त्यारस्त्यांतून मिरवत नेला होता. ज्या क्रूसाभोवती एके काळी सारे शहर लोटले, तोच क्रूस पाच शतकांनी ओस चौकात पावसात भिजत होता. तो पाहून आईने विचारले होते, "माणसे कुठे गेली रे सगळी?" मी म्हणालो, "घरी आहेत, आई. घरूनच प्रार्थना करताहेत." माझे ते उत्तर बरोबर होते. दहा महिन्यांनी मी स्वतःच ते विसरलो, हे माझे दुःख आहे.

आमचे घराणे मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिकडच्या ख्रिस्ती माणसाला सप्टेंबर म्हटले, की हरेगावची मतमाउली आठवते. लहानपणी आम्ही बैलगाडीतून यात्रेला जात असू. रात्रभर भजने, उघड्यावर चुली, आणि पहाटे माउलीच्या दर्शनाची रांग. २०२० च्या सप्टेंबरात राज्यातील प्रार्थनास्थळेच बंद होती, तेव्हा यात्रा कोठून भरणार? २०२१ च्या सप्टेंबरातही तीच स्थिती होती. आईला त्याचा फार विषाद वाटला. तेव्हा मी तिला वारीचे उदाहरण दिले होते. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पायी निघाल्या नाहीत. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, मोजक्या माणसांनी पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला नेल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत जाणाऱ्यांनी घरी बसणे, हेही एक चालणेच होते. आईला ते पटले. ती म्हणाली, "मग माउलीही समजून घेईल."

अखेर दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी, प्रार्थनास्थळे उघडली. नाताळ आला. रात्रीच्या संचारबंदीमुळे मध्यरात्रीचे मिस्साबलिदान संध्याकाळीच उरकावे लागले, पण निदान प्रत्यक्ष चर्चमध्ये बसता आले. जानेवारीत लसीकरण सुरू झाले. रुग्ण कमी झाले. साथ गेली, असे जो तो म्हणू लागला. मीही म्हणू लागलो.

फेब्रुवारीत आईला पंचाऐंशी वर्षे पूर्ण होत होती. १७ तारखेला राखेचा बुधवार, म्हणजे पुढे उपवासकाळ. त्याआधी घरी आभाराची प्रार्थनासभा ठेवावी, चार भजने म्हणावीत, सर्वांनी एका पंगतीत जेवावे, असे माझ्या मनाने घेतले. गावाकडे फोन केले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, हरखून गेली. दाजी तर म्हणाले, "अरे, तू बोलाव. गाडी नाही मिळाली तर मी पायी येईन." दाजी निवृत्त शिक्षक होते, एकाहत्तर वर्षांचे. पेटी अशी वाजवत, की बेसूर माणसालाही सूर सापडावा.

नाही म्हणाली ती एकच व्यक्ती, माझी थोरली मुलगी. ती शहरातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. मागचे वर्षभर तिने जे पाहिले, ते ती घरी सांगत नसे. ती म्हणाली, "पप्पा, मी येणार नाही. लस घेतली असली तरी माझ्याकडून घरात आजार येऊ शकतो आणि मला तो कळणारही नाही. पण मी एकटी न येऊन भागणार नाही. तुम्ही कोणालाच बोलावू नका."

मी म्हणालो, "दाराशी जंतुनाशक ठेवतो, ताप मोजतो, खुर्च्या दूर मांडतो. मग तर झाले?"

त्यावर तिने मला अमेरिकेतील एका गायकवृंदाची हकीकत सांगितली. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी ६१ माणसे गाण्याच्या सरावाला जमली होती. एकाला थोडी सर्दी होती, तेवढेच. त्यांनी हस्तांदोलन टाळले, हात स्वच्छ केले. अडीच तास गाणी झाली. नंतर त्यांतील ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. ती म्हणाली, "पप्पा, गाताना माणूस नुसत्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब हवेत सोडतो. बंद खोलीत ते धुरासारखे तरंगत राहतात. हात धुऊन धूर जात नाही."

"अमेरिकेचे तू मला सांगू नकोस," मी म्हणालो. आणि पुढे जे बोललो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, "ज्या आजीने तुला वाढवले, तिच्यासाठी तुला एक संध्याकाळ काढता येत नाही. शिकून तुझे काळीज दगडाचे झाले." ती काही बोलली नाही. फोन ठेवल्याचा आवाजही हळू आला.

ती संध्याकाळ फार सुंदर झाली, हे मला कबूल केले पाहिजे. चौतीस-पस्तीस माणसे जमली. गावाकडची सात जण एका भाड्याच्या जीपने आली. सुरुवातीला सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या होत्या. पहिल्या भजनानंतर त्या हनुवटीवर आल्या, दुसऱ्यानंतर खिशात गेल्या. सूर्य मावळला तसा धरणावरून गार वारा सुटला. "आईला वारा बाधेल," असे कोणीतरी म्हणाले, आणि मी उठून दिवाणखान्याच्या खिडक्या एकामागून एक लावून घेतल्या. दाजींनी पेटीवर बोटे ठेवली. दोन तास आम्ही गात होतो. आईच्या डोळ्यांत पाणी होते. मनात आले, या सुखाला मुकलेल्या माझ्या मुलीची कीव करावी.

पाचव्या दिवशी मला ताप आला. मग पत्नीला, मग गावाकडच्या पाहुण्यांना. एकूण अकराजण आजारी पडले. आजार कोणी आणला, ते कधीच कळले नाही. कदाचित ज्याने आणला त्याला स्वतःला काही झालेही नसेल, कारण लक्षणे दिसण्यापूर्वी दोन दिवसही माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. आईला साधा खोकलाही आला नाही. दाजींना मात्र प्राणवायू लावावा लागला. २६ फेब्रुवारीला ते गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ मार्चला, साठ वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली.

अंत्यविधीला वीसच माणसे चालणार होती. मी तर विलगीकरणातच होतो. माडीवरच्या खोलीत मोबाइल उशीला टेकवून मी दाजींचे दफन पाहिले. फादरांनी दुरूनच पवित्र पाणी शिंपडले. ज्या माणसाने पंचक्रोशीतल्या शेकडो अंत्यविधींना पेटी वाजवली, त्याच्या अंत्यविधीला पेटी नव्हती. अक्का त्या विसांत नव्हती. तीही आजारी होती.

त्यानंतरच्या रात्री मी झोपलो नाही. माझी सारी नोकरी येथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आरेखक म्हणून गेली. नद्यांच्या, बंदरांच्या, धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी कसे वागेल हे तेथे आधी पाहून घेतात. एवढी वर्षे त्या प्रतिकृतींभोवती वावरलेल्या मला एक साधी गोष्ट कळायला हवी होती. आमच्या साखळीत चार धरणे आहेत. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि सर्वांत खाली खडकवासला. चारांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी, पण त्यांत खडकवासल्याची क्षमता जेमतेम दोन टीएमसी. वरून सगळे पाणी एकदम आले, तर हे धरण ते पोटात घेऊ शकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा खडकवासलाही टिकले नाही, आणि पुण्याने काय सोसले ते जुन्या पुणेकरांना विचारावे. म्हणून वरचे पाणी धरून ठेवायचे आणि बेताबेताने सोडायचे. पाऊस थांबवणे कोणाच्या हाती नसते. पाणी एकाच वेळी खाली येऊ न देणे, एवढेच हाती असते. रुग्णालय हे सर्वांत खालचे, सर्वांत लहान धरण आहे आणि आपले प्रत्येक घर हे वरचे धरण. माझ्या मुलीने स्वतःचे दार लावून घेतले होते. मी माझे सर्व दरवाजे उघडले, आणि खिडक्या तेवढ्या बंद केल्या.

आजारातून उठल्यावर मी पुष्कळ वाचले. आपल्या पवित्र सभेच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही, हे वाचून मला धीरही आला आणि लाजही वाटली. इ.स. ५९० मध्ये रोममध्ये प्लेग असताना महान ग्रेगरी यांनी शहराच्या सर्व भागांतून प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली. तूर्सचे ग्रेगरी लिहून ठेवतात, की लोक प्रार्थना करत चालले असताना एका तासात त्यांतील ऐंशी जण जागीच कोसळून मेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात स्पेनमधील झामोरा शहरात संत रॉकच्या नावाने नोव्हेना झाली. लोकांनी रांगा लावून पवित्र अवशेषांचे चुंबन घेतले, आणि स्पेनमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्या शहरांत झामोराची गणना झाली. या माणसांची श्रद्धा खोटी नव्हती. माझीही नव्हती. पण आजार श्रद्धेचा खरेखोटेपणा पाहत नाही. तो दोन माणसांतले अंतर आणि खोलीतली हवा पाहतो.

याच इतिहासात संत चार्ल्स बोरोमेओही आहेत. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला, तेव्हा प्रारंभी त्यांनीही मिरवणुका काढल्या. पण लोकांना घरांतच राहण्याचा हुकूम झाल्यावर त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोक आपापल्या खिडकीत उभे राहून मिस्साबलिदानात भाग घेऊ लागले. ते स्वतः मात्र रोग्यांच्या भेटीला जात राहिले. आमच्या पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी हेच केले. रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याजवळ जाणे आणि गर्दी जमवणे, या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. ज्याला गरज आहे त्याच्याजवळ एकाने जावे आणि बाकीच्यांनी वाट मोकळी ठेवावी, हा त्यांतला भेद. माझी मुलगी रोज रोग्याजवळ जात होती, म्हणूनच ती माझ्या पंगतीला येत नव्हती.

नुसत्या सक्तीने हे साधत नाही, हेही पुण्याला ठाऊक आहे. त्याच प्लेगात रँडच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले. लोकांच्या मनात रोगापेक्षा सरकारची भीती अधिक बसली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. २०२० मध्ये वारकऱ्यांनी मात्र मनाला समजावून वारी थांबवली. थांबवले जाणे आणि थांबणे यांत केवढे अंतर आहे! मला कोणी थांबवले नव्हते. मला थांबता आले असते.

आणखी एक कबुली द्यायची आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीतील एका मुस्लिम धार्मिक मेळाव्यातून साथ पसरली. तेव्हा देशभर एका सबंध समाजाकडे बोट दाखवले गेले. घरात बसून बोट दाखवणाऱ्यांत मीही होतो. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. ती बातमी मी वाचली आणि पान उलटले. सहा महिन्यांनी माझ्या घरच्या प्रार्थनासभेतून अकरा जणांना आजार गेला, तेव्हा कोणी आमच्या समाजाचे नाव वर्तमानपत्रात छापले नाही. आपली गर्दी ती भक्ती आणि दुसऱ्याची ती बेपर्वाई, असे मानणारा माणूस आरशात पाहायला मिळाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चर्च पुन्हा उघडल्यावर मी पापनिवेदनाला गेलो. फादरांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "तुमचा हेतू वाईट नव्हता, हे देव जाणतो. पण जे शिकलात ते स्वतःपाशी ठेवू नका." मग नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, मी अक्काला भेटायला गावी गेलो.

दाजींच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आम्ही ओट्यावर बसलो. दाजींची पेटी आत कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली होती. मी बोलायला सुरुवात केली, "अक्का, मी बोलावले नसते, तर..."

तिने मला पुढे बोलू दिले नाही. "तू बोलावलेस म्हणून ते आले नाहीत. त्यांना यायचे होते, म्हणून आले." मग लुगड्याच्या पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "पण खिडक्या लाव म्हणून तुला कोण बोलले, आठवते का? मी बोलले रे. आईला वारा बाधेल म्हणून."

मला खरोखरच आठवत नव्हते. नऊ महिने मी माझे ओझे वाहत होतो, आणि माझी बहीण दोनशे किलोमीटर दूर एकटी तिचे ओझे वाहत होती. दोघांनीही जे केले ते आईच्या मायेपोटी. आम्ही दोघे म्हातारी भावंडे ओट्यावर बसून रडलो. मायेला डोळे असावे लागतात, हे आम्हाला उशिरा कळले.

परत आल्यावर मी मुलीकडे गेलो. "त्या दिवशी मी तुला दगडाच्या काळजाची म्हणालो," एवढेच म्हणू शकलो. ती म्हणाली, "पप्पा, त्या संध्याकाळी माझी सुट्टी होती. मी खोलीवर बसून घड्याळाकडे पाहत होते. आता आजी दिवा लावत असेल, आता दाजी पेटी काढत असतील, असे मनात चालले होते." मग ती चहा टाकायला आत गेली.

आई २०२३ च्या पावसाळ्यात गेली. साथ ओसरली होती, बंधने उठली होती. चर्च भरून माणसे बाहेरच्या मंडपात उभी होती. गावाकडून दोन गाड्या भरून मंडळी आली. अक्काच्या नातवाने दाजींची पेटी आणली होती. माणसांच्या त्या गर्दीने मला जो आधार दिला, तो कोणत्याही पडद्याने दिला नसता. एकत्र येणे ही आपल्या श्रद्धेची चैन नाही, ती तिची गरज आहे, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. म्हणूनच ते सोडावे लागते तेव्हा त्याची किंमत मोठी असते.

मुलीला मात्र आदल्या रात्रीपासून सर्दी आणि कणकण होती. साधीच असेल, असे सगळे म्हणाले. ती मुखपट्टी लावून, छत्री घेऊन चर्चच्या बाजूच्या खिडकीबाहेर उभी राहिली. "आत मामी, आत्या, सगळ्या म्हाताऱ्या आहेत," एवढेच ती म्हणाली. या खेपेला मी तिला आत ओढले नाही. ती खिडकी मात्र पूर्ण उघडली.

ख्रिस्तप्रसादापूर्वी आपण सर्वजण शुभवर्तमानातील त्या रोमी शताधिपतीचे शब्द म्हणतो. प्रभूने माझ्या घरी यावे, एवढी माझी योग्यता नाही, तो नुसता शब्द बोलला तरी पुरे, या अर्थाचे. जन्मभर हे शब्द मी म्हणत आलो आहे. त्या सकाळी प्रथमच माझ्या ध्यानात आले, की हा माणूस प्रभूला घरी येऊ नको म्हणाला होता. प्रभू गेलाही नाही. दुरूनच त्याने तो चाकर बरा केला, आणि अशी श्रद्धा आपल्याला इस्राएलातही आढळली नाही, असे तो म्हणाला. दहा कुष्ठरोगीही दूर उभे राहिले होते, आणि त्यांचीही हाक त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

मी खिडकीकडे पाहिले. छत्रीवर पाऊस वाजत होता. मुलीचे ओठ मुखपट्टीआड हलत होते, तेच शब्द म्हणत. पहिल्या बाकावरच्या अक्काने मान वळवून तिला पाहिले आणि बसल्या जागेवरून हात उंचावला. बाहेरून तिनेही हात वर केला. मग पेटी सुरू झाली.